माणूस हवा तर आधी बोट शोधा

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. धुकं, हिमनग आणि कॉड मासा यांसाठी ते ओळखलं जातं. तिथल्या सेंट जॉन्स शहरातल्या मेमोरियल विद्यापीठाने ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचे करारनामे जपून ठेवले आहेत. १८६३ ते १९३८ या पाऊणशे वर्षांतल्या अशा कागदांपैकी सुमारे ७० टक्के या एकट्या संग्रहात आहेत. मुंबई बंदरात माणसं भरलेल्या बोटींचे कागदही त्याच गठ्ठ्यांत आहेत. खेड, दापोली, गुहागर, मालवण या भागांतून पोटासाठी मुंबईला गेलेला आणि तिथून बोटीवर चढलेला एखादा माणूस घ्या. घरात त्याचा फोटो नाही, त्याचं एकही पत्र कुणी ठेवलं नाही. पण त्याचं नाव, वय, हुद्दा आणि महिन्याचा पगार उत्तर अटलांटिकच्या काठावरच्या एका फडताळात शाईने लिहिलेला असू शकतो, कदाचित अंगठ्याच्या ठशासकट. तो स्वतः न्यूफाउंडलंडला कधी गेलाही नसेल.

हे कागद तिथे पोचले कसे? जहाजाची सफर संपली की कप्तानाने माणसांची यादी आणि करारनामा सरकारजमा करायचा, असा ब्रिटिश कायदा होता. शंभर वर्षांत त्या कागदांचा डोंगर झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सरकारला तो सांभाळणं जड जाऊ लागलं. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने नमुन्यादाखल १० टक्के ठेवून घेतले. ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने पाचाने संपणाऱ्या वर्षांचे, म्हणजे १८६५, १८७५, १८८५ असे गठ्ठे मागून घेतले. उरलेल्यांतले बहुतेक रद्दीत जायचे, ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठाने उचलले. आपल्या बेटाचा इतिहास जहाजांवर लिहिला गेला आहे, एवढीच त्यांची प्रेरणा होती. त्या जहाजांबरोबर आपल्या कोकणातली माणसंही वाचली.

हे मी कळमेश्वरमध्ये बसून लिहितो आहे. समुद्र इथून रेल्वेच्या एका रात्रीवर. इथल्या वाचकाला वाटेल, आपला याच्याशी काय संबंध? पण एमआयडीसीतल्या कारखान्यांनी या गावात किती जिल्ह्यांतली कुटुंबं आणून बसवली, ते आपण रोज पाहतो. अशा एखाद्या घरात ‘आमचे पणजोबा बोटीवर होते’ हे वाक्य ऐकू येऊ शकतं. शिवाय इथल्या काळ्या मातीचं समुद्राशी नातं जुनं आहे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. दोनच वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टींनी विदर्भातला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना एकदम जवळचा झाला. ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या जातीचं नाव म्हणून लिव्हरपूलच्या बाजारात बोललं जाई. त्या काळात मुंबईहून पश्चिमेला सुटणाऱ्या कित्येक आगबोटींच्या डेकवर रत्नागिरीकडची माणसं दोर ओढत होती. वऱ्हाड-नागपूरचा माल आणि कोकणचा माणूस, दोघं एकाच बोटीतून विलायतेला गेले.

बोटीवर जायला समुद्रकाठीच जन्मलं पाहिजे असंही नव्हतं. आगबोटीच्या भट्टीपुढे कोळसा टाकणाऱ्या माणसांत मीरपूर भागातल्या लोकांचा मोठा भरणा होता, आणि मीरपूर तर पंजाबच्या वरच्या अंगाला, समुद्रापासून शेकडो कोस आत. मुंबईत भरल्या जाणाऱ्या बोटींवर साधारण अशी वाटणी दिसे: डेकवर कोकण आणि काठियावाडचे, भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, जेवणघरात आणि केबिनींत गोव्याचे. अपवाद पुष्कळ. कोकणी मुसलमान, खारवी, गाबीत, भंडारी, कोळी अशा अनेक समाजांतली माणसं या नोकरीत होती. डेकवरच्या टोळीचा प्रमुख सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी. भट्टीपाशी आगवाला. इंग्रजी कागदात या सगळ्यांसाठी ‘लास्कर’ हा एकच शब्द. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे ५० हजार लोक होते, दर सहा खलाशांत जवळजवळ एक. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हे प्रमाण चारात एकापर्यंत गेलं. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा.

आता शोधाकडे वळू. इथे बहुतेक जण पहिल्याच पायरीवर थांबतात, कारण ते नावाने शोधतात. जात पडताळणीसाठी कोतवाल बुक आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पालथं घालणाऱ्या आपल्या लोकांना नावाने शोधायची सवय आहे. जहाजांचे कागद नावाप्रमाणे लावलेले नसतात, ते बोटीप्रमाणे लावलेले असतात. त्यातही बोटीच्या नावाप्रमाणे नाही, कारण एकाच नावाच्या पाच-सहा बोटी असत. १८५४ च्या कायद्यानंतर, १८५५ पासून, प्रत्येक ब्रिटिश जहाजाला एक सरकारी क्रमांक मिळू लागला. बोट विकली गेली, तिचं नाव बदललं, मालक बदलला, तरी तो क्रमांक बदलत नसे. क्यू, ग्रिनिच आणि सेंट जॉन्स या तिन्ही ठिकाणी हाच क्रमांक किल्लीसारखा चालतो. बोटीचं नाव आणि साधारण साल ठाऊक असेल तर क्रमांक शोधणं अवघड नाही. ‘क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट’ या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर जुन्या जहाज-याद्यांतून काढलेले क्रमांक कुणालाही फुकट पाहता येतात.

म्हणून घरात शोधायचं ते बोटीचं नाव. ते कुठे असेल? सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे डिस्चार्ज, नोकरी संपल्यावर हातात मिळणारा दाखला. त्यावर बोटीचं नाव असतं, सरकारी क्रमांक असतो, नोंदणीचं बंदर असतं, माणूस कुठे आणि कधी चढला, कुठे उतरला हे असतं, आणि त्याच्या कामाबद्दल व वागणुकीबद्दल शेरा असतो. पुढच्या काळात असे दाखले सुटे न राहता एका पुस्तकात लागू लागले. त्यात उंची, डोळ्यांचा रंग आणि अंगावरच्या खुणा यांचेही रकाने असत. ज्या पणजोबांना घरातल्या कुणीच पाहिलेलं नाही, त्यांच्या हातावर गोंदण होतं की कपाळावर वण होता, हे एखाद्या कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी टिपून ठेवलेलं असतं. मला या सगळ्या शोधात याहून विलक्षण काही वाटत नाही.

डिस्चार्ज नसेल तर पत्र्याच्या ट्रंकेवर रंगवलेलं नाव, मनिऑर्डरीची पावती, स्टुडिओतल्या फोटोच्या मागे लिहिलेली ओळ, यांतून बोट हाती लागते. तीही नसली तर घरातल्या आठवणींना साल लावून पाहावं. ‘प्लेगच्या वेळी आजा बोटीवर होता’ म्हणजे १८९६ नंतरची काही वर्षं. ‘गोदीत स्फोट झाला तेव्हा ते मुंबईत उतरले होते’ म्हणजे १४ एप्रिल १९४४, त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट उडाली. ‘त्यांना विलायतेत तुरुंगात टाकलं होतं’ असं कुणी कुजबुजत सांगत असेल, तर लाजून ते दडवू नये. १९३९ च्या शरदात युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी ब्रिटनमधल्या आणि इतर देशांतल्या बंदरांत बोटी चालवायला नकार दिला, आणि त्यांतल्या अनेकांना तुरुंगात टाकण्यात आलं. घरात जी बदनामी मानली गेली असेल ती एका मोठ्या लढ्यातली हजेरी निघू शकते. बोटीच्या सरकारी लॉगबुकात अशा नकाराची नोंद तारखेसकट असते. शिस्तभंगाचे दंड, आजारपण, मृत्यू, सगळंच त्यात लिहावं लागे. समुद्रात माणूस वारला तर त्याच्या मागे राहिलेल्या सामानाची आणि देणं असलेल्या पगाराची यादीही कप्तान करी.

एक उदाहरण घेऊ. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘तिलावा’ ही बोट मुंबईहून मोंबासामार्गे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने थेट डर्बनपर्यंत जाई. नोव्हेंबर १९४२ मध्ये ती मुंबईहून निघाली तेव्हा तिच्यावर ७३२ उतारू, २२२ कर्मचारी आणि ४ तोफची होते. २३ नोव्हेंबरच्या पहाटे, सेशेल्स बेटांपासून शेकडो मैलांवर, आय-२९ या जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. बोट बुडाली, २८० माणसं गेली, ६७८ वाचली. वाचलेल्यांतल्या बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने उचलून मुंबईला परत आणलं.

तिलावाच्या पोटात चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्या विकत घेतल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा नाणी पाडण्यासाठी होत्या. २०१७ मध्ये एका कंपनीने समुद्राच्या तळाशी अडीच किलोमीटर खोलवरून ती चांदी वर काढली. मग ती वर काढल्याच्या मोबदल्यावरून ब्रिटनमध्ये खटला चालला आणि २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. चांदीचा माग इतक्या काटेकोरपणे लागला. माणसांचाही तसाच लागू शकतो, आणि त्यासाठी अडीच किलोमीटर खाली जावं लागत नाही.

तिलावावर गेलेल्या खलाशाच्या घरच्यांनी काय करावं? पहिली जागा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नामसूची, ती इंटरनेटवर खुली आहे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या आणि ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही, अशा सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावं मुंबई आणि चितगाव इथल्या स्मारकांत आहेत. हे स्मारक दगडाचं नाही. एक ग्रंथ आहे आणि त्याच्या सारख्याच दोन प्रती आहेत, एक मुंबईला, एक चितगावला. पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक मुंबईत मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होमच्या आवारात आहे. सीएसएमटीवर उतरलेल्या नागपूरकराला तिथे जायला लोकलचं एक स्टेशन पुढे जावं लागतं. आयोगाच्या सूचीत नावापुढे बोट दिलेली असते, म्हणजे नुसत्या बोटीवरूनही तिच्यावर गेलेले सगळे एकत्र पाहता येतात. अनेक नोंदींत बापाचं नाव आणि गाव असतं, काहींत बायकोचंही.

दुसरी जागा क्यू. १९३९ ते १९४५ चे करारनामे ‘बीटी ३८१’ या मालिकेत, बोटीच्या सरकारी क्रमांकाप्रमाणे लावलेले आहेत. ‘बीटी ३८९’ मध्ये युद्धकाळातल्या एकेका बोटीची हालचाल कार्डावर टिपलेली आहे: अमुक तारखेला अमुक बंदर सोडलं, अमुक तारखेला पुढचं गाठलं. करारनाम्यातल्या चढण्याच्या आणि उतरण्याच्या तारखा या कार्डाशेजारी ठेवल्या की माणसाचा सगळा प्रवास नकाशावर काढता येतो. घरी ‘लांबच्या मुलखात होते’ एवढंच ठाऊक असतं. कागद सांगतो, त्या वर्षी दिवाळीला ते एडनला होते आणि होळीला ग्लासगोच्या थंडीत. १८९१ पासूनच्या मृत्यूंसाठी ‘बीटी ३३४’ ही मालिका आहे. तिच्यात वय, हुद्दा, बोट आणि मृत्यूचं कारण मिळतं.

आता नावांचा गुंता. बंदरातल्या शिपिंग ऑफिसात समोरच्याने नाव सांगायचं आणि इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू येईल तसं लिहायचं. इब्राहिमचा कधी एब्राहिम, कधी सरळ अब्राहम. आडनाव बहुधा नसेच, माणसाचं आणि बापाचं नाव, बस. गावांचंही तेच. रत्नागिरीला रटनाघेरी, राजापूरला राजापोर, चिपळूणला चिप्लून. त्यात जिल्ह्यांच्या हद्दी बदललेल्या. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्याआधी मालवण, वेंगुर्ला, कणकवली सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. आजचा रायगड तेव्हा कुलाबा. श्रीवर्धन आणि मुरूड जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात, तर सावंतवाडी स्वतंत्र संस्थान. कागदावर ‘जंजिरा’ दिसलं म्हणजे माणूस किल्ल्यावर राहत होता असं नाही, तो म्हसळ्याजवळच्या एखाद्या वाडीतलाही असेल.

इंग्रजी कागद एका टोकाने ओढायचे, तसे मराठी कागद दुसऱ्या टोकाने. समुद्रात गेलेल्या माणसाचा मृत्यू गावच्या गाव नमुना १४ मध्ये असेलच असं नाही, कारण तो गावात वारला नाही. पण त्याच्या नावावर गुंठाभर जमीन असेल तर कधीतरी वारस लावावे लागतात. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत, ‘अमुक मयत, वारस अमुक’ अशी नोंद होते, आणि पुष्कळदा मृत्यूची तारीखही येते. ती तारीख बोट बुडाल्याच्या तारखेशी जुळली की दोन खंडांतले, दोन भाषांतले, दोन वेगळ्या कामांसाठी लिहिलेले कागद एकाच माणसावर येऊन मिळतात. जुने फेरफार बऱ्याच तालुक्यांत स्कॅन झाले आहेत. बाकी ठिकाणी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो, आणि त्या कामात कळमेश्वरचा माणूस खेडच्या माणसापेक्षा जराही कमी तरबेज नाही.

गोव्याच्या घरांना आणखी एक वाट आहे. मुंबईत धोबीतलाव आणि माझगावकडे गोव्यातल्या गावागावांची ‘कूड’ असत. बोट मिळेपर्यंत खलाशी तिथे उतरायचा, आणि कुडाच्या दप्तरात त्याचं नाव चढायचं. पूर्वज खलाशी नसून अधिकारी असेल तर वाट आणखी सोपी. १९२७ पासून मुंबईत ‘डफरिन’ या प्रशिक्षण-जहाजावर हिंदी मुलांना अधिकारी होण्याचं शिक्षण मिळू लागलं, आणि अशा मुलांची नावं सुटी, पूर्ण आणि नीट लिहिली गेली. स्वातंत्र्यानंतरच्या खलाशांसाठी मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या नौ भवनात सरकारी शिपिंग ऑफिस आहे.

पण मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती जुन्या, अंगठा उठवलेल्या यादीची, आणि त्याचं कारण सारंग आहे. सारंग नुसता टोळीचा मुकादम नव्हता. माणसं तोच जमवायचा, आणि जमवायचा ती आपल्या गावची, आपल्या नात्यातली, शेजारच्या वाडीतली. या पद्धतीत दलाली होती, लाच होती, कर्ज होतं. १९२० च्या दशकापासून सरकारी समित्यांनी तिच्यावर टीका केली ती योग्यच. पण शंभर वर्षांनंतर शोधणाऱ्याला याच पद्धतीने एक देणगी देऊन ठेवली आहे. आपल्या माणसाची ओळ सापडली की तिच्या वरच्या आणि खालच्या ओळी वाचाव्यात. तिथे त्याचा चुलतभाऊ असेल, मेहुणा असेल, ज्याच्या घराशी अजून येणं-जाणं आहे असा गाववाला असेल. आपलं नाव विचित्र स्पेलिंगमुळे ओळखू येत नसेल तर शेजारच्या नावांवरून पटतं. उलट, आपल्या पणजोबांचं नाव कुठेच सापडत नसेल तर सारंगाचं नाव आठवतं का ते गावात विचारावं. त्याची बोट सापडली की टोळी सापडते, आणि टोळीत आपलाही माणूस निघतो.

सुरुवात करायला १९१५ सालच्या याद्या सगळ्यात सोप्या. ग्रिनिच आणि क्यू इथल्या संस्थांनी शेकडो स्वयंसेवकांच्या मदतीने त्या वर्षाच्या ३९ हजारांहून अधिक याद्या वाचून काढल्या. त्यात साडेसात लाखांवर नावं आहेत, आणि हिंदुस्थानात जन्मलेल्यांचीही आहेत. त्या फुकट पाहता येतात. आधी नावाचा रकाना मोकळा ठेवावा. जन्मस्थळाच्या रकान्यात जिल्हा घालावा, मग तालुका, मग बंदर, प्रत्येकाची दोन-तीन वेडीवाकडी स्पेलिंगं करून. जी ओळ ओळखीची वाटेल तिच्यातला बोटीचा सरकारी क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, आणि त्याच बोटीची अख्खी यादी उघडून वरपासून खालपर्यंत वाचावी.